परसबागेची पत्रपेटी : टोमॅटोचा पिंजरा घरच्या घरी

मागच्या अंकात माझ्या गच्चीवरच्या टोमॅटोचा फोटो छापून आला आणि पत्रं सुरू झाली. बहुतेकांनी विचारलंय ते टोमॅटोबद्दल नाही, त्याच्याभोवती उभ्या केलेल्या जाळीबद्दल. वाचून फार बरं वाटलं. खत कुठलं, फवारणी कसली, हे सगळेच विचारतात. आधाराबद्दल क्वचित कुणी विचारतं, आणि घरच्या बागेत रोगानं गेले नसतील इतके टोमॅटो मी आधारावाचून मातीत लोळून गेलेले पाहिले आहेत.

माझं माहेर जुन्नर तालुक्यातलं, नारायणगावच्या बाजूचं. टोमॅटोची लागवड ठरली की रोपांच्या आधी घरात बोलणं निघायचं ते काठ्यांचं. कारवीच्या काठ्यांच्या मोळ्या बांधावर येऊन पडल्याशिवाय वडील वाफ्यात रोप उतरू देत नसत. पुढे कारवी गेली, बांबू आणि तार आली, पण क्रम तोच राहिला. आजी टोमॅटोला ‘वेलवांगं’ म्हणायची. नाव अगदी नेमकं आहे. वाढतो वेलासारखा, पण काकडी-कारल्यासारखे तणावे त्याला नाहीत. धरून चढायला हात नाहीत, म्हणून ते काम आपल्याला करावं लागतं.

या अंकात सगळी जागा त्याच पत्रांना दिली आहे.

ताई, आमच्या गॅलरीत १२ इंची कुंड्यांमध्ये चेरी टोमॅटो आहेत. बाजारातून खाली निमुळता, वर रुंद असा तारेचा आधार आणला होता. झाड कमरेएवढं झालं आणि एका रात्रीच्या वाऱ्यात कुंडीसकट आडवं झालं. घरी काही करता येईल का? – डोंबिवली

तुमचं काही चुकलेलं नाही. तो आधार मिरचीला चांगला, वांग्याला चालेल, चेरी टोमॅटोला नाही. वर रुंद असल्यामुळे झाडाचा सगळा भार वरच जमतो आणि खाली मातीत रुतलेले पाय जेमतेम वीतभर असतात.

पिंजरा करायच्या आधी वाण कोणतं ते बघा, हे सगळ्यांनाच सांगते. टोमॅटोच्या दोन तऱ्हा. एक झुडपी, ती अडीच-तीन फुटांवर थांबते आणि फळं साधारण एकाच वेळी देते. दुसरी शेंडा चालूच ठेवणारी, ती थंडीभर वाढत राहते. बियांच्या पाकिटावर पहिलीला डिटरमिनेट आणि दुसरीला इंडिटरमिनेट असं लिहिलेलं असतं. पुसा रुबी दुसऱ्या तऱ्हेतली. चेरी टोमॅटोही बहुतेक सगळे त्याच तऱ्हेतले, सहा-सात फूट सहज जातात. बंगळूरच्या आयआयएचआर या बागायती संशोधन संस्थेचं अर्का रक्षक या दोन तऱ्हांच्या मधलं. झुडपी झाडाला तीन फुटांचा पिंजरा पुरे. तुमच्या झाडाला चार फूट हवाच, आणि त्याच्यावर आलेला शेंडा बाहेरच्या बाजूनं खाली सोडायचा किंवा खुडायचा.

आता करायचा कसा. हार्डवेअरच्या दुकानात वेल्डमेश जाळी मागा, ४ फूट रुंदीच्या बंडलातली. जाळीचं एकेक घर ४ इंचांचं हवं. दुकानदार २ इंची जाळी पुढे करील, तीच जास्त खपते. ती घेऊ नका. पहिल्या वर्षी मी तीच आणली होती. पिंजरा दिसायला फार सुंदर झाला, भक्कमही होता. पण फळं पिकायला लागली तेव्हा हात आत जाईना. दोन बोटं घालून देठ तोडायचा आणि फळ आतल्या आत खाली पडायचं. दोन टोमॅटो तर जाळीच्या घरातच वाढले, निम्मे आत निम्मे बाहेर, कंबर आवळल्यासारखे. शेवटी पक्कड घेऊन भरल्या झाडाची जाळी कापावी लागली आणि त्यात दोन फांद्या गेल्या. तुम्ही दुकानातच मूठ करून जाळीत घालून बघा. मूठ आरपार गेली तर ती जाळी आपली.

कुंडीसाठी मी पिंजरा कुंडीच्या आत रोवत नाही, कुंडीच्या बाहेरून घालते. पिंजरा फरशीवर उभा आणि कुंडी त्याच्या पोटात. माती कितीही भुसभुशीत असली तरी पिंजरा हलत नाही आणि मुळांनाही धक्का नाही. १२ इंची कुंडीला १४ इंच व्यासाचा पिंजरा बसतो. १४ गुणिले ३.१४ म्हणजे ४४ इंच, म्हणजे ४ इंचांची बरोबर ११ घरं. ११ घरं पूर्ण मोजायची आणि बाराव्या घराच्या पलीकडच्या उभ्या तारेला लागून कापायचं. त्यामुळे बाराव्या घराच्या आडव्या तारांची शेपटं मोकळी राहतात. जाळी गोल वळवायची, शेवटची उभी तार पहिलीवर टेकवायची आणि ती शेपटं पक्कडीनं एकेक करून पहिल्या तारेभोवती गुंडाळायची. टोकं आतल्या बाजूला वळवा आणि वरच्या कडेवरून एकदा कानस फिरवा. वरून वाकून फळ तोडताना हीच कड डोळ्यांच्या पातळीवर येते. घरात लहान मूल असेल तर वरच्या कडेला जुन्या पाण्याच्या पाइपचा तुकडा उभा चिरून बसवा.

मग पिंजरा गॅलरीच्या ग्रिलला दोन ठिकाणी बांधा, एक कुंडीच्या तोंडाशी आणि एक तीन फुटांवर. नुसत्या वरच्या गाठीवर भरवसा ठेवू नका, खालून सरकतो. आणि जमलं तर पुढच्या खेपेला १२ इंची कुंडीऐवजी रंगाची २० लिटरची बादली घ्या, बुडाला भोकं पाडून. चेरी टोमॅटोच्या मुळांना १२ इंच कमीच पडतात.

जमिनीत लावणाऱ्यांनी १४ घरं धरावीत, म्हणजे व्यास १८ इंच होतो. पिंजऱ्याच्या तळाची शेवटची आडवी तार कापून टाकली की ४ इंचांचे पाय मोकळे होतात, ते मातीत दाबायचे. तेवढ्यानं भागत नाही. समोरासमोर दोन बांबू हातभर खोल ठोकून पिंजरा त्यांना बाइंडिंग तारेनं बांधायचा.

पिंजरा उभा केला की काम संपलं असं मात्र नाही. दर चार दिवसांनी बाहेर निघालेली फांदी हलक्या हातानं आत वळवायची. ती वीतभर बाहेर गेली की राठ होते, मग आत ढकलायला गेलं तर मोडते. पिंजऱ्यात बगलफूट, म्हणजे पान आणि खोड यांच्या बेचक्यातून निघणारा कोंब, काढायची घाई करू नका. बुडाजवळची फुटभर उंचीपर्यंतची फूट आणि मातीला टेकणारी पानं काढा, बाकी झाडाला वाढू द्या. खालची पानं काढली की पाण्याबरोबर उडणाऱ्या मातीतून येणारा करपाही कमी होतो.

आमच्या परसात बांबू भरपूर आहे, लोखंड पावसाळ्यात गंजतं. नुसत्या बांबूचा पिंजरा होईल का? मागे काठ्या लावल्या होत्या, त्यांतल्या काही सहा महिन्यांत पोखरल्या आणि काहींना चक्क पालवी फुटली! – चिपळूणजवळून

होतो, आणि माझ्या मते तुमच्याकडे तोच करावा. गंजलेल्या तारेनं झाडाला काही अपाय होत नाही, पण घरचा बांबू असताना जाळी विकत का आणायची?

पोखरणारा तो बांबूचा भुंगा. त्याला बांबूतला गोड पिठूळ अंश हवा असतो. पावसाळ्यात तोडलेला किंवा पहिल्या-दुसऱ्या वर्षाचा कोवळा बांबू त्याला लगेच सापडतो. तीन वर्षांच्या पुढचा जून बांबू, पाऊस सरल्यावर तोडलेला, घ्या. तुमच्याकडे वहाळ असेल तर तोडलेले बांबू दोन-तीन आठवडे वाहत्या पाण्यात दगडाखाली दाबून ठेवा. पाण्यात तो पिठूळ अंश निघून जातो. मग सावलीत उभे करून वाळवा. ही युक्ती मी पुस्तकातून घेतलेली नाही. आमच्या गावच्या बुरडाकडे टोपल्यांचा बांबू असाच ओढ्यात पडलेला असायचा.

पालवी फुटली ती काठी बहुधा गिरिपुष्पाची असणार. कुंपणाला लावतो तसंच ती ओली रोवली की रुजते आणि टोमॅटोच्या तोंडचं पाणी पिते. पांगाऱ्याचंही तेच. आधाराला वाळलेलीच काठी घ्यायची.

आता पिंजरा. सहा फुटांच्या चार काठ्या. बुडखा खाली, शेंड्याची बाजू वर. जमिनीत जाणारा सव्वा फूट भाग चुलीच्या विस्तवावर वरवर भाजून काळा करून घ्या, कुजायला वेळ लागतो. डांबर किंवा जळकं ऑइल लावू नका, ज्या मातीतलं खायचं तिथे ते नको. पहारीनं आधी भोक करा आणि मग काठी बसवा. नुसती काठी हाणली की वरचं टोक फुटतं. दोन काठ्यांत १८ इंच अंतर, चौकोनी आखणी, रोप मधोमध.

आडव्या आधारासाठी आठ फुटांचा एक बांबू कोयत्यानं उभा चिरून चार फाकी करा. चार फाकींची मिळून ३२ फूट कामटी होते. एका पिंजऱ्याला २० इंचांचे १६ तुकडे लागतात, म्हणजे २७ फूट. एका बांबूत एक पिंजरा होऊन थोडी कामटी उरते. पहिला थर जमिनीपासून १० इंचांवर, पुढचे १२-१२ इंचांवर. चिरलेल्या कामटीची कड सुरीसारखी असते, तिच्यावरून कोयत्याची पाठ दोनदा ओढून ती मोडून घ्या आणि पोटाची खरखरीत बाजू बाहेर ठेवा. झाडाच्या अंगाला पाठीची गुळगुळीत बाजूच लागली पाहिजे.

बांधायला काथ्या. आधी भिजवून घ्या, ओला असताना आवळा, वाळला की गाठ घट्ट बसते. सांध्यावर एक फेर उजवीकडून तिरका, एक डावीकडून तिरका, मग दोन काठ्यांच्या मधून दोन आवळफेर. आवळफेर घातले नाहीत तर फळ भरल्यावर कामटी खाली घसरते.

तुमच्याकडची एक गोष्ट वेगळी आहे. कोकणात टोमॅटोला मर फार लागते. हिरवंगार झाड दोन दिवसांत मान टाकतं. तो रोग मातीतून येतो. ज्या वाफ्यात झाड मेलं तिथल्या काठ्या पुढच्या वर्षी दुसऱ्या वाफ्यात नेऊ नका, सरळ चुलीत घाला. चार बांबूंचा लोभ नको.

मी आठवीत आहे. आमच्या शाळेच्या परसबागेत टोमॅटोची २० रोपं आहेत. सरांनी सांगितलं की आधार तुम्ही मुलांनीच करा, पण पैसे नाहीत. काय वापरता येईल? – कोपरगाव तालुका

बाळा, तुझं पत्र मी दोनदा वाचलं. अक्षर सुरेख आहे.

गावातल्या सायकल दुरुस्तीच्या दुकानात जा आणि मोडक्या रिमा मागा. वाकडी रिम सायकलवाल्याच्या उपयोगाची नसते, तुमच्या मात्र फार कामाची. रिमेच्या कडेला स्पोकची भोकं असतात. जमिनीवर रिमेएवढं वर्तुळ आखा. वर्तुळावर समान अंतरावर पाच फुटांच्या तीन काठ्या सरांच्या मदतीनं ठोका, तुरीच्या चांगल्या जाड तुराट्या नाहीतर बांबू. वर रिम आडवी ठेवून ती तिन्ही काठ्यांना तारेनं बांधा. रिम मोठी असते, म्हणून एका रिमेखाली तीन रोपं मावतात. प्रत्येक रोपासाठी रिमेच्या भोकातून एक सुतळी खाली सोडा आणि तिचं खालचं टोक रोपाच्या बुडाशी सैल फासात अडकवा, फास दोन बोटं आत जातील इतका सैल. झाड वाढेल तसं दर आठवड्याला ते सुतळीभोवती एकेक वेढा गुंडाळत न्यायचं. वेढा नेहमी एकाच दिशेनं. आज उजवीकडून, उद्या डावीकडून असं केलं तर सगळे वेढे सुटतात. सुतळी ताठ ओढू नका, थोडी ढिली असू दे, नाहीतर वाऱ्यात रोप मुळासकट उपटतं.

२० रोपांना सात रिमा लागतील. तेवढ्या मिळाल्या नाहीत तर जुन्या टेबल फॅनच्या जाळ्या, छत्र्यांचे सांगाडे, पलंगाच्या लोखंडी पट्ट्या, काहीही चालेल. टोकदार काही असेल तर ते आधी मोठ्यांकडून वाकवून घ्या. गंजलेलं लोखंड हाताला लागलं आणि रक्त आलं तर लपवू नका, लगेच सरांना सांगा, धनुर्वाताचं इंजेक्शन घ्यावं लागतं.

आणि दोन वाफ्यांच्या मध्ये झेंडू लावा. फळ पोखरणाऱ्या अळीचा पतंग अंडी घालायला झेंडूवर जातो. झेंडूच्या कळ्यांवर अळी सापडली की वेचायची. वर्गात वेचण्याची पाळी लावा.

टोमॅटो बांधायला नायलॉनची दोरी चांगली की सुतळी? नायलॉन टिकते म्हणून मी तीच वापरतो. – सातारा

काका, नायलॉन टिकते हे खरं, आणि तिची अडचणही तीच. झाडाचं खोड आज पेन्सिलीएवढं असतं, दीड महिन्यानं अंगठ्याएवढं होतं. दोरी मात्र आहे तेवढीच राहते.

लग्नानंतर पुण्यात आले त्या पहिल्या वर्षी मी बारीक नायलॉननं बांधणी केली होती. डिसेंबरात एक झाड वरून पिवळं पडायला लागलं. पाणी बदललं, खत दिलं, काही फरक पडेना. एक दिवस खाली बसून खोडावरून बोट फिरवत गेले तेव्हा गाठीच्या जागी बोट खळग्यात गेलं. दोरी सालीत पूर्ण रुतली होती, वरून दिसतसुद्धा नव्हती. तिच्या वरचं खोड फुगलं होतं, खालचं बारीक राहिलं होतं. पानांत तयार झालेलं अन्न मुळांकडे जातं ते सालीतून, आणि ती वाटच मी बांधून टाकली होती. झाडावर तेव्हा मोजून चार घोस हिरवे होते. ते तसेच राहिले.

तेव्हापासून जुन्या सुती साडीच्या, धोतराच्या नाहीतर बनियनच्या बोटभर रुंद चिंध्या वापरते. सुतळीही चालते. एका हंगामात ती कुजते आणि झाडाबरोबर खतात जाते. केळी असेल तर केळीचं सोपट सगळ्यात मऊ. गाठ पेराच्या खाली घ्यायची, फुलांच्या घोसाच्या बरोबर खाली कधीही नाही, नाहीतर घोस भरला की त्याचा देठ दोरीवर घासून तुटतो. चिंधीला काठी आणि खोड यांच्यामध्ये एक पीळ द्या, इंग्रजी आठच्या आकड्यासारखा. काठीच्या बाजूचा फेर घट्ट, खोडाच्या बाजूचा सैल. खोडाच्या फेरात तुमची करंगळी सहज फिरली पाहिजे.

घरात नायलॉन पडलीच असेल तर ती काठीला काठी बांधायला ठेवा.

भेदऱ्याच्या झाडांना तुमच्यासारखाच जाळीचा पिंजरा केला. झाडं पाच फूट झाली, फुलंही येतात, पण एप्रिल लागल्यापासून सगळी फुलं गळतात. जाळीमुळे होतं का? – नागपूर

जाळीचा दोष नाही, उन्हाचा आहे. दिवसाचं तापमान ३५ अंशांच्या पुढे गेलं आणि रात्रीही गारवा नसला की टोमॅटोचा पराग नीट काम करत नाही, फूल देठाच्या सांध्यातून सुटून पडतं. तुमच्याकडे एप्रिल-मे म्हणजे त्याच्याही कितीतरी वर.

आता पिंजऱ्याचा उपयोग सावलीसाठी करा. त्याच्यावर पश्चिमेच्या बाजूनं ५० टक्क्यांची हिरवी शेडनेट किंवा जुनी सुती साडी टाका, झाडाला न चिकटवता. पाणी सकाळीच द्या आणि बुडाशी पाचटाचं किंवा वाळल्या पानांचं आच्छादन घाला. सकाळी नऊच्या सुमारास पिंजऱ्याच्या तारेला टिचक्या मारा, सगळं झाड हलकं थरथरलं पाहिजे. टोमॅटोचं फूल स्वतःच्याच परागानं फळतं, त्याला फक्त हादरा लागतो. काही रानमाश्या हेच काम फुलावर गुणगुणून करतात. थोडी फळं धरतील, फार आशा धरू नका. युरिया देत असाल तर तो थांबवा, त्यानं पाला वाढतो. खरी लागवड सप्टेंबर-ऑक्टोबरात करा आणि हाच पिंजरा तेव्हा वापरा.

आम्ही न्यू जर्सीत राहतो. इथे दुकानात मिळणारे शंकूसारखे तारेचे पिंजरे दरवर्षी ऑगस्टमध्ये झाडासकट झोपतात. आईनं तुमचा लेख फोनवर वाचून दाखवला. इथे वेल्डमेश कशाला म्हणू? – एडिसन

आईंना माझा नमस्कार सांगा. ते शंकू मिरचीला द्या, तिथे ते उत्तम काम करतात.

तुमच्याकडे घरबांधणीच्या सामानाच्या मोठ्या दुकानांत काँक्रीटमध्ये घालायची तारेची जाळी मिळते, ५ फूट रुंद, ६ इंचांच्या घरांची. आपल्या वेल्डमेशपेक्षा ती कितीतरी दणकट असते. १० घरांचं वर्तुळ करा, व्यास १९ इंच येतो. कापायला साधी पक्कड पुरणार नाही, बोल्ट कटर लागेल, आणि जाड हातमोजे घालाच. गुंडाळी सोडताना ती स्प्रिंगसारखी उसळते, तेव्हा एका टोकावर कुणाला तरी उभं करा. तळाची आडवी तार कापून ६ इंचांचे पाय करा आणि शेजारी एक लोखंडी खांब ठोकून पिंजरा त्याला बांधा. ती जाळी गंजते, तांबूस होते, पण वर्षानुवर्षं टिकते.

तुमच्या हवेत या पिंजऱ्याचे आणखी दोन उपयोग आहेत. तिकडे मेच्या मध्यापर्यंत हिव पडू शकतं. रोप लावल्यावर पिंजऱ्याच्या खालच्या दीड फुटाला प्लॅस्टिकचा कागद गुंडाळा, गार वारा अडतो. आणि शरद ऋतूत पहिल्या हिवाचा अंदाज आला की रात्री पिंजऱ्यावर जुनी चादर टाकून सकाळी काढा. असं दोन-चार रात्री सांभाळलं की झाडावरची बरीच फळं रंग धरतात. उरलेली हिरवी तोडून आईंना चटणीची कृती विचारा, तीळ आणि शेंगदाण्याचा कूट घालून.

आधार द्यायचा राहून गेला. झाड तीन फुटांचं होऊन जमिनीवर पसरलंय, फळं लागली आहेत. आता काय करू? – कोल्हापूर

एकदम उभं करू नका. सकाळी खोड पाण्यानं ताठ भरलेलं असतं, वाकवलं की कडकन मोडतं. उद्या सकाळचं पाणी चुकवा आणि दुपारी चारच्या सुमारास, झाड जरा मलूल दिसेल तेव्हा कामाला लागा. आधी दोन्ही बाजूंना बुडापासून वीतभर लांब काठ्या ठोका, जवळ ठोकल्या तर मुळं तुटतील. मग खोडाखाली दोन्ही तळहात घालून ते निम्म्यापर्यंतच उचला आणि रुंद चिंधीच्या झोळीत ठेवा, गाठ मारू नका. दोन दिवसांनी झोळी आणखी वर घ्या.

खोडाचा जो भाग जमिनीला टेकून राहिलाय तो मातीतून उकरू नका. त्याला एव्हाना पांढरे कोंब दिसत असतील, ती नवी मुळं आहेत. त्याच्यावर चार बोटं माती ओढा. उचलताना एखादी फांदी चिरली तर लगेच कापू नका. चीर बंद करून दोन्ही बाजूंनी कामटीचे तुकडे लावा आणि चिंधीनं बांधा, हाड बसवतात तसं. माझ्या अशा कित्येक फांद्या सांधल्या आहेत.

संध्याकाळी बुडाशी तांब्यानं सावकाश पाणी घाला. शेंडा आडवा राहिला तरी त्याला बांधायला जाऊ नका. सकाळी उठून बघा, रात्रीत तो आपसूक वर वळलेला असेल.